इथलं दौंड कुठंय?

नॉर्वेतल्या गाइरांगर फियॉर्डमध्ये जहाज शिरतं तेव्हा बोलकी माणसंसुद्धा काही वेळ गप्प होतात. दोन्ही अंगांना पाण्यातून सरळ वर गेलेले कडे, माथ्यावर मे महिन्यातही न सरलेलं बर्फ, कड्यावरून सुटलेल्या पांढऱ्या धारा आणि खाली काळपट हिरवं पाणी. नेमका हा मुहूर्त साधून वरच्या डेकवरून खणखणीत आवाज येतो, ‘‘हे किती टीएमसी असंल ओ?’’ सहल कंपनीच्या मराठी गटात हा गृहस्थ असला की तो सोलापूरचा आहे हे वेगळं विचारावं लागत नाही. त्याची माकडटोपी किंवा पिशवीतली शेंगा चटणी पाहायचीही गरज नाही, प्रश्न पुरतो. नवख्या सहप्रवाशांना वाटतं, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला दिसतोय. तसं काही नसतं. तो बँकेतून निवृत्त झालेला असतो, कुठल्याशा हायस्कुलात भूगोल सोडून बाकी सगळे विषय शिकवून झालेला असतो, नाहीतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचा टॉवेलचा कारखाना असतो. आपण त्याला टीएमसीकाका म्हणू. त्याच्याबद्दल दोन तक्रारी कायम होतात : तो स्वतः आराम करत नाही आणि दुसऱ्याला करू देत नाही. दुसरी तक्रार खरी आहे. पहिली मात्र साफ चुकीची आहे, आणि ती कशी हे समजायचं तर नॉर्वे सोडून आधी उजनीला यावं लागतं.

भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये उभं राहिलं. साठा एकूण 117 टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे 2831 कोटी लिटर. पण यातलं 63 टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठ्यात मोडतं. उपयुक्त साठा साडेत्रेपन्नच्या आसपास, आणि टक्केवारी मोजतात ती त्याचीच. त्यामुळे या धरणाची टक्केवारी शून्यावर थांबतच नाही. शून्य झालं तरी निम्म्याहून अधिक पाणी शिल्लक असतं, आणि मग ते उणे पाच, उणे वीस असं खाली उतरत राहतं. 2024 च्या उन्हाळ्यात तर ते उणे पन्नासच्याही खाली गेलं. बाकीच्या जगाला शून्य म्हणजे संपलं एवढंच ठाऊक असतं. शून्यानंतर संसार कसा चालवायचा हे सोलापूरकराला ठाऊक असतं. शिवाय हे धरण सोलापूरच्या पावसानं भरत नाही. पाऊस पडायचा मावळ-मुळशीत, खडकवासल्यातून पाणी सुटायचं, बंडगार्डनवरून दौंडला यायचं आणि मग उजनीत. म्हणून जुलैत सोलापूरच्या आभाळात ढग जमले तरी कुणी फारशी मान वर करत नाही, पण ‘दौंडला किती?’ हा प्रश्न पानटपरीपासून डॉक्टरच्या वेटिंग रूमपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. उत्तर क्युसेकमध्ये द्यायचं असतं. उजनी ‘प्लस’मध्ये आली की अनोळखी माणसंही एकमेकांना थांबवून बातमी देतात. अशा गावात पन्नास-साठ वर्षं काढलेल्या माणसाला पाणी दाखवून ‘किती सुंदर!’ म्हणण्याची अपेक्षा करणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तो आधी ‘किती’ला अडतो. ‘सुंदर’पर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो.

आणि अडतो म्हणजे चांगलाच अडतो. सोग्नेफियॉर्ड 205 किलोमीटर लांब आणि सर्वांत खोल जागी 1308 मीटर, असं मार्गदर्शक बाई सांगतात. बाकीचे लोक ‘वाह’ म्हणून कॉफीकडे वळतात. काका कागदी रुमाल ओढतात आणि पेन काढतात. सरासरी रुंदी चार किलोमीटर धरा, खोली निम्मीच धरा, उगाच फुगवायला नको. हिशेब अठरा-एकोणीस हजार टीएमसीवर येतो. म्हणजे दीडशेहून जास्त उजन्या. रुमाल टेबलाटेबलांवर फिरतो. कुणीतरी पुणेकर शांतपणे सांगतो, ‘‘काका, ते खारं आहे.’’ काका क्षणभर थबकतात आणि निकाल देतात, ‘‘म्हणजे सगळा मृतसाठाच की.’’ एवढ्यावर प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण वसंतात डोंगरावरचं बर्फ वितळून येतं आणि फियॉर्डच्या पाण्याचा वरचा थर बराच गोडा होतो, ही माहिती कुणीतरी पुरवतं, आणि काकांचा उपयुक्त साठा पुन्हा सुरू होतो. गाइरांगरला ‘सात बहिणी’ नावाचा प्रसिद्ध धबधबा समोर येतो. समोरच्या कड्यावरच्या धबधब्याला ‘प्रियकर’ म्हणतात, तो म्हणे युगानुयुगं सातही जणींना मागणी घालतोय. सगळा गट हसतो. काकांना विसर्ग हवा असतो, आणि आवक मोजण्याचं ठिकाण हवं असतं : ‘‘इथलं दौंड कुठंय?’’ जहाजावर एखादं बंगाली कुटुंब असलं तर टीएमसीचा असा अखंड जप ऐकून त्यांचा समज भलताच होतो. एकतर ते खुर्च्या जवळ ओढतात, नाहीतर टेबलच बदलतात. गटात कोल्हापूरकर असला की दुसरीच पंचाईत. त्याचं पाण्याचं माप राजाराम बंधाऱ्यावरच्या फुटांत असतं, 39 ला इशारा आणि 43 ला धोका. एवढं पाणी बघून त्याच्या पोटात गोळा येतो, काकांच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि त्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसलेल्या नागपूरकराला निसर्ग फारसा दिसत नाही.

आता पहिला आक्षेप. लाखो रुपये भरून, व्हिसासाठी खेटे घालून, सोलापुरातला 43-44 अंशांचा उन्हाळा मागे टाकून माणूस इतक्या लांब जातो तो घरची काळजी विसरायला. तिथेही उजनीच काढायची तर जायचं कशाला? आक्षेप वरवर बिनतोड आहे, पण त्यात एक गृहीत दडलंय. ते असं की काळजी विसरली तरच आराम मिळतो. ज्या माणसाने आयुष्यभर एकाच आकड्याची काळजी केली त्याला तो आकडा विसरायला सांगून बघा; काय विसरायचं हेच तो दिवसभर आठवत बसेल. त्याला आराम मिळण्याचा मार्ग एकच : आकडा तोच ठेवायचा आणि त्याच्यामागची भीती काढून घ्यायची. फियॉर्ड नेमकं हेच करतं. तिथलं पाणी घटलं तर काकांच्या नळावर परिणाम नाही, वाढलं तर कुणाचा ऊस बुडत नाही, कालव्याला पाणी सोडा म्हणून कुणी रास्ता रोको करत नाही. आवक, विसर्ग, साठा, सगळा खेळ तोच, फक्त पैज लावलेली नाही. पुरावा पाहायचा तर काकांचा चेहरा पाहावा. दीडशे उजन्यांचा रुमाल घडी करून खिशात टाकल्यावर डेकवरच्या खुर्चीत त्यांना जी झोप लागते, तशी शेजारच्या ध्यानधारणेच्या वर्गातही कुणाला लागलेली नसते. घोरण्याची तक्रार होते, ती वेगळी.

दुसरा आक्षेप काकूंच्या वतीने घेतला जातो. बिचारीने असल्या माणसाबरोबर आठ-दहा दिवस काढायचे! हा आक्षेप घेणाऱ्यांनी काकूंची केबिन पाहिलेली नसते. उजनी शंभर-एक किलोमीटरवर आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, अशा शहरात टीएमसीचं खातं पुरुष सांभाळतात आणि बादल्यांचं बायका. पाणी रात्री कधी येणार, किती वेळ राहणार, पिण्याचं कशात, वापरायचं कशात, शेजारच्या आजींचं कोण भरणार, हा सगळा कारभार काकूंनी विनाटक्केवारी केलेला असतो. जहाजावर नळ उघडला की पाणी येतं, पुन्हा उघडला की पुन्हा येतं. पहिल्या दिवशी त्यांना याची मौज वाटते, दुसऱ्या दिवशी संशय येतो. तिसऱ्या सकाळी केबिनमधले दोन ग्लास, चहाची किटली, औषधांचं झाकण काढलेलं डबडं आणि रिकाम्या झालेल्या सगळ्या बाटल्या काठोकाठ भरून रांगेनं उभ्या असतात. सफाईला आलेला फिलिपिनो पोरगा त्या ओतून टाकतो आणि काकू दुपारी पुन्हा भरतात. काका त्याला ‘लघुपाटबंधारे’ म्हणतात, आणि काकू त्यांना ‘गप बसा’ म्हणतात. या जोडप्याला एकमेकांची अडचण होते असं म्हणणं कठीण आहे. त्यांच्यात खात्यांची वाटणी फार पूर्वीच झालेली आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला मान्य करावा लागतो, पण तक्रारदारांना अपेक्षित कारणासाठी नाही. ते म्हणतात, हा कूपमंडूकपणा आहे. मला तसं वाटत नाही. प्रत्येक प्रवासी आपलं माप बरोबर घेऊनच निघतो, आणि कड्यापुढे स्वतःचे चाळीस फोटो काढणाऱ्याचं माप काही काकांपेक्षा मोठं नसतं. माझी तक्रार वेगळी आहे. हा माणूस नॉर्वेजियन मार्गदर्शक बाईंना जेवढे प्रश्न विचारतो तेवढे स्वतःच्या महापालिकेला विचारत नाही. वीज कशी करता? जवळजवळ सगळी पाण्यावर. बरं, देखभाल कोण करतं? पैसे कोण देतं? बाई उत्तरं देऊन दमतात. इकडे सोलापूरला पाणी पोचवण्यासाठी वर्षानुवर्षं उजनीतून भीमेच्या पात्रात शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी सोडावं लागायचं, तेव्हा कुठे औज आणि चिंचपूरचे बंधारे भरायचे. उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनीची बातमी वाचत एक पिढी मोठी झाली. आणि काकांनी यावर काय केलं? गच्चीवर आणखी एक हजार लिटरची टाकी बसवली. टक्केवारी तोंडपाठ असणं म्हणजे जागरूक असणं, असा आपल्या शहराचा गोड समज आहे. प्रत्यक्षात आकडा सांगून झाला की राग सांगायचा राहूनच जातो. रोज सकाळी उणे किती ते मोठ्याने वाचलं की कर्तव्य झालं. ही सोय लोकप्रतिनिधींना फार मानवलेली आहे.

असं असूनही या माणसाला टाकून देता येत नाही, याचं कारण त्याची नजर पाण्यावरून हलत नाही, आणि पाणी म्हणजे केवळ देखावा नव्हे हे तो विसरत नाही. सोग्नेफियॉर्डवर लाविक ते ओप्पेडाल अशी मोटारी वाहून नेणारी फेरी आहे. तिथे 2015 पासून ‘अँपिअर’ नावाची विजेवर चालणारी बोट सुरू झाली. गटातल्या इतरांच्या दृष्टीने ही यष्टीसारखी गोष्ट, फोटो काढण्याजोगी नाही. काका मात्र अशी साधी फेरी दिसली की सात बहिणी सोडून तिकडे बघत राहतात. लोक या काठावरून त्या काठावर कामाला जातात, वेळेवर पोचतात, वेळेवर परततात. उजनीच्या फुगवट्यातही असे काठ आहेत. करमाळ्याच्या बाजूच्या माणसाला समोर दिसणाऱ्या इंदापूर तालुक्यात जायचं तर रस्त्यानं मोठा वळसा पडतो, म्हणून बोट. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली अशीच बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ज्यांची गावं धरणाने गिळली त्या भागातली ही माणसं. पाण्यावरचा प्रवास त्यांनी हौस म्हणून निवडलेला नव्हता. जहाज सुटण्यापूर्वी जीवरक्षक जाकीट कसं घालायचं याचं प्रात्यक्षिक होतं, तेव्हा गटातले बहुतेक जण बुफेत काय असेल याचा विचार करत असतात. काका पहिल्या रांगेत उभे राहतात, पट्टा स्वतः ओढून बघतात, काकूंचा बघतात, आणि समजलं नाही म्हणून त्या खलाशाला पुन्हा एकदा दाखवायला लावतात. गट हसतो. मला या ठिकाणी हसू येत नाही, आणि नाइलाजाने कबूल करावं लागतं की सहलीला सोबत निवडायची वेळ आली तर याच माणसाचं नाव पुढे करावं. त्याची खुर्ची मात्र नाष्ट्याला दुसऱ्या टेबलावर असावी.

एक अट तेवढी पाळावी लागेल. सहल कंपन्या ऑगस्टमध्येही फियॉर्डच्या तारखा लावतात. काकांना त्या दाखवू नयेत. ते दरवेळी वसंतच का निवडतात, याचं कारण हार्दांगरला मे महिन्यात फुलणाऱ्या सफरचंदाच्या बागा असावं, असं कंपनीच्या पोरीला वाटतं, आणि ती त्यांना फुलांचा मोठा फोटो असलेली पुस्तिका देते. काकांचं कारण सरळ आहे. मे महिन्यात उजनी सहसा फक्त खालीच जाते, त्यात बघण्यासारखं काही नसतं. जुलैत पाणी चढायला लागल्यावर गाव सोडून जायचं म्हणजे काय? पोरीने सवलत आणखी वाढवली तर ते पुस्तिका परत करतात आणि म्हणतात, ‘‘ऑगस्टात कसं जमंल बाई? दौंडला लाखाच्या वर असतंय तेव्हा.’’