समुद्राकडची थकबाकी

नाशिकच्या डोंगरातल्या सुरगाण्याच्या माणसाने समुद्रावर गेल्यावर जरा बिचकावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मी बिचकत नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात, मुलगी दिलेल्या घरी बाप जसा पाहणीच्या नजरेने फिरतो, तसा मी फिरत होतो.

या ताठ्याला भूगोलाचा आधार आहे. नाशिक जिल्ह्यातलं सगळं कौतुक गोदावरीचं. ती त्र्यंबकला उगवते, तिथून अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर. पण बाई त्याच्याकडे पाठ फिरवून 1465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. एवढ्या आडवाटेचं बक्षीस म्हणून बारा वर्षांनी कुंभमेळा! आमच्या नार, पार, अंबिका आमच्याच डोंगरातून निघतात आणि गुजरातमार्गे गुमान अरबी समुद्र गाठतात. नारला तर तेवढंही श्रेय नाही, ती आधीच पारला मिळते. या सरळमार्गी पोरींना ना मेळा, ना घाट, ना आरती. पारच्या काठी एखादा आखाडा उतरावा, सुरगाण्याच्या स्टँडवर पोलिसांनी शिट्ट्या फुंकाव्यात, आणि गर्दीत मी ‘स्थानिक’ म्हणून मिरवावं, अशी माझी जुनी इच्छा आहे. लॉजची अडचण येईल. साधूंचं निभेल, पत्रकारांचं अवघड.

तर ऐरोली. तिथल्या मार्गदर्शक मुलाने सांगितलं की ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 चं, आणि 2022 मध्ये खाडी पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. मी लगेच म्हणालो, “आमचं नांदूर मध्यमेश्वर त्याआधीच गेलं. राज्यात पहिलं!” चारजणांनी वळून पाहिलं. नांदूर मध्यमेश्वर निफाड तालुक्यात येतं आणि निफाडशी आमच्या लोकांचा संबंध द्राक्षबागेतल्या मजुरीपुरता, हा तपशील मी गिळला.

मग मी आमच्या जंगलातल्या साग, ऐन, खैर यांच्यावर बोलायला लागलो. पोरगं शांतपणे म्हणालं, “काका, हे पान चाटून बघा.” तिवराचं पान होतं. चाटलं, तर खारट. खारं पाणी पिऊन जास्तीचं मीठ हे झाड पानांतून बाहेर टाकतं. खाली चिखलातून बोटभर मुळं हवेसाठी वर आलेली, आणि त्यांच्यामधून एक निवटी परांवर रेटा देत चालली होती. मासा असून चालत होती! माझं व्याख्यान तिथेच आटोपलं.

“एवढं पाणी,” सोबत आलेली आई खाडीकडे बघत म्हणाली, “आणि आपल्याकडे?”

यावर माझ्याकडे विनोद नव्हता. केंद्रात झाडाझाडाला पाटी आहे. पांढऱ्या चिप्पीला तर 2020 पासून राज्य कांदळवन वृक्षाचा मान आहे, आणि तो असावाच. पण समुद्राला जाणारं आमचं पाणी जिथून निघतं तिथे आषाढात छत्री टिकत नाही आणि वैशाखात बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरतात, त्याची पाटी कुठेच नाही. डिसेंबर 2022 मध्ये आमच्या सीमेवरच्या गावांनी “आम्हाला गुजरातमध्ये घाला” अशी मागणी केली, तेव्हा बातम्यांत एकदम सीमावाद पेटला. गावकरी रस्ता आणि पाणी मागत होते. आता नार-पारचं पाणी गिरणा खोऱ्यात वळवायची योजना मंजूर झाली आहे. म्हणजे इतकी वर्षं समुद्राकडे साचलेली आमची थकबाकी यापुढे जळगाव-मालेगावच्या खात्यावर चढणार. जळगावकरांना पाणी मिळावं, माझी ना नाही. वाटेत एखादा नळ आमच्याही पाड्यावर सोडा, एवढंच.

फ्लेमिंगो बघायला ऐरोलीला जरूर जा, पण भरती-ओहोटीची वेळ विचारून. आणि जुलै-ऑगस्टमध्ये केळावणला भिवतासचा धबधबा बघायला आमच्याकडे या. मे महिन्यात आलात, तर प्यायचं पाणी घरूनच आणा.