दहा रुपयांचा निखात निधी

वारणानगरच्या आसमंतात कोणी गोठ्याचा पाया, विहीर किंवा शेततळे काढावयास घेतले की जेसीबीभोवती जो समुदाय विनानिमंत्रण जमतो, त्यास पुरातत्त्वीय देखरेख म्हणावयास प्रत्यवाय नसावा. कारण बकेटीगणिक वर येणाऱ्या मातीवर इतकी अनन्य दृष्टी कोणत्याही सरकारी खात्याने आजतागायत ठेवलेली नाही. बांधावरचे आबा हंड्याची वाट पाहतात, भाऊबंद हद्दीच्या दगडाची, आणि तासाच्या भाड्याने आलेला ऑपरेटर चहाची. इंग्लंडात 1990 पासून अशा प्रसंगी बांधणाऱ्याच्याच खर्चाने एक जाणता मनुष्य खड्ड्याशी उभा करण्याची अट परवानगीतच घालण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे तशी माणसे फुकटात उभी असतात, एवढेच की त्यांस खापर वाचता येत नाही.

सरकार मात्र याबाबतीत गाफील आहे असे कोणी समजू नये. 1878 चा निखात निधी कायदा अद्याप जारी आहे, आणि त्यान्वये जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीची चीज सापडल्यास सापडणाऱ्याने स्थळकाळासह कलेक्टरसाहेबांस लेखी इत्तला द्यावी, न दिल्यास हिस्सा गमवावा आणि वर वर्षभराच्या कैदेसही पात्र व्हावे, अशी चोख तजवीज आहे. विक्टोरिया राणीच्या अमदानीतील ते दहा रुपये आजही दहाच आहेत. फुटक्या रांजणाचे तेवढेही येत नसल्याने तो बिनदिक्कत भरावात जातो. सोन्याची पुतळी निघालीच तर तिचे पुढे काय होते, हे सांगण्याइतका मी शेजाऱ्यांचा शत्रू नाही.

दायमाबादेस 1974 साली एका झुडपाच्या मुळाशी खणताना साठ किलोंहून अधिक वजनाची चार कांस्यशिल्पे निघाली; रथ, रेडा, गेंडा आणि हत्ती. खणणारे हात माणसाचे होते म्हणून हत्तीचा हत्ती राहिला. आमच्या कोल्हापुरात, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत, समुद्रदेव पोसायडनची चिमुकली कांस्यमूर्ती मिळाली, आणि 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया व दीक्षित या विद्वानांनी त्या टेकाडाचे थर शिस्तीने उलगडले. तो ग्रीक देव टाऊन हॉलच्या संग्रहालयात सुखरूप आहे. जेसीबीच्या हाती लागता तर भंगाराच्या काट्यावर त्याची उंची कोणी विचारली नसती.

वास्तविक आमच्या शेतकऱ्यास इतिहासाची कदर नाही, हा निव्वळ आळ आहे. गढीची आणि जुन्या वस्तीची पांढरी माती पिकास मानवते हे त्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असून, कैक शतकांची राख, हाडे आणि खापरे त्याने गाडी भरभरून रानात पसरली आहेत. त्या राजवटींचा साखर उतारा किती पडला, ही आकडेवारी कोणत्याही कारखान्याच्या अहवालात निराळी दाखवलेली नसते, ही उणीव पुढील वार्षिक सभेत कोणी सभासदाने अवश्य उपस्थित करावी.

तरीही एखाद्या भाबड्याने पायाच्या खड्ड्यात निघालेल्या विटांची वर्दी दिलीच, असे समजा. अर्ज तलाठ्याकडून तहसिलात, तेथून कलेक्टर कचेरीत आणि यथावकाश पुरातत्त्व खात्यात जाईल. दरम्यान ऑपरेटर तासाचा हिशेब मागेल, गवंडी मुकादम निघून जाण्याची धमकी देईल, आणि घरची मंडळी त्या भाबड्याशी बोलणे टाकतील. पाहणीस येत असल्याचे पत्र पोहोचेल तेव्हा गोठ्यात म्हशी दुसऱ्यांदा व्यालेल्या असतील. स्थळपाहणीत अडथळा नको म्हणून त्या बाहेर बांधाव्यात, अशी त्यात तळटीप असेल.