शंभर टक्के भाऊसाहेब

नव्वदच्या दशकात ज्या ज्या कचेरीत रंगीत मॉनिटर आला, तिथे सहा महिन्यांच्या आत एक भाऊसाहेब तयार झाला. वय पन्नाशीच्या पुढचं, हुद्दा हिशेबनिसाचा, आणि संगणकाला आधी कडाडून विरोध. 'हा डबा चार माणसांची भाकरी खाणार' असं युनियनच्या सभेत बोललेला माणूस. मग कुणाच्या तरी भाच्याने फ्लॉपीवरून 'वुल्फेनस्टाइन थ्रीडी' आणून मशीनवर चढवला आणि विरोध मावळला.

५ मे १९९२ ला अमेरिकेत 'आयडी सॉफ्टवेअर'च्या पोरांनी हा खेळ बाजारात आणला. नाझींच्या किल्ल्यात आपण कैदी. हातात सुरा, पिस्तूल आणि ८ गोळ्या. पुढे सगळा भुलभुलैया. दार उघडायचं, दिसेल त्याला गोळी घालायची आणि लिफ्ट गाठायची. जगभरची पोरं हा खेळ धावत सुटून खेळली. आमच्या भाऊसाहेबांनी त्याचं ऑडिट केलं.

संगणकाच्या खोलीत तेव्हा एसी असायचा आणि चपला बाहेर काढाव्या लागत. जेवणाच्या सुट्टीत भाऊसाहेब अनवाणी आत शिरत, मशीनवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून चार घड्या घालून ठेवत आणि खुर्ची पुढे ओढून नाझींच्या समाचाराला बसत. खेळात अवघडपणाच्या चार पायऱ्या आहेत. सगळ्यात सोपीवर नायकाच्या डोक्याला कुंची आणि तोंडात चोखणी दाखवून खेळणाऱ्याची चक्क टिंगल केलेली आहे. भाऊसाहेब तीच निवडत. "कुंचीचं काय एवढं? अंगावर माणसं कमी येतात ना?"

गोळी झाडण्यात त्यांना मुळीच रस नव्हता. पडलेल्या शिपायापाशी ४ गोळ्या मिळतात. त्याला पाडायला २ लागल्या तर शिल्लक २. तीन लागल्या तर भाऊसाहेब चुकचुकत, जणू कुणी टॅक्सीचं बिल जोडलंय. पाठमोरा शिपाई दिसला की सुरा. आवाज होत नाही आणि खर्चही नाही.

त्यांचा खरा जीव होता मजला संपल्यावर येणाऱ्या पाटीवर. किती शत्रू मारले, किती गुप्त जागा सापडल्या, किती खजिना उचलला, याची तिथे टक्केवारी येते. एखादा आकडा ९० आला की पुढच्या मजल्यावर जाणं हराम. जुना सेव्ह काढून पुन्हा पहिल्यापासून. गुप्त जागा भिंतीआड असतात आणि त्या भिंती बाहेरून इतरांसारख्याच दिसतात. समोर उभं राहून स्पेसबार दाबला तर एखादी सरकते. आता कुठली ते कसं कळणार? भाऊसाहेबांनी प्रश्न सोपा केला होता.

"ती भिंत दाबलीस का रे?"

"कुठली, भाऊसाहेब?"

"सगळ्या."

सगळ्या म्हणजे सगळ्या. खेळात नकाशाची सोय नाही, पण भिंती सगळ्या काटकोनात. म्हणून डॉट मॅट्रिक्सच्या रद्दी कागदाच्या पाठीवर चौकटी आखून प्रत्येक भिंतीपुढे लाल पेन्सिलीने टिक. पहिल्या मजल्याला खेळाने दीड मिनिट दिलेलं आहे. भाऊसाहेबांना साडेतीन जेवणसुट्ट्या लागल्या. पण तिथली एक भिंत सरकली, आडून दुसरी लिफ्ट निघाली आणि ती थेट दहाव्या मजल्यावर गेली. तिथून सुटका झाली तर पुढे पुन्हा दुसरा मजला! भाऊसाहेबांनी चष्मा काढला. "हे असं करायचं असतं तर रजिस्टरला नोंद करायची." त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

खाण्याचंही त्यांचं पक्कं होतं. किल्ल्यात मांडून ठेवलेलं कोंबडीचं ताट उचललं की तब्येत १० टक्क्यांनी सुधारते. एरवी ते चालायचं; पण एकादशीला नायक १२ टक्क्यांवर आला, पडद्याच्या तळाशी त्याचं तोंड रक्ताने माखलं, तरी भाऊसाहेब ताटाला वळसा घालून जात. प्रथमोपचाराची पेटी मात्र उचलत. औषधाला उपास नसतो.

साहेब आत आले की ते मॉनिटरचं बटण बंद करून काच पुसायला लागत. साहेब गेल्यावर बटण चालू करावं तो नायक मेलेला. पॉजची कळ असते म्हणून सांगितलं, तर म्हणाले, "साहेबांचा आवाज आला की बोटं सुचत नाहीत रे." तीस वर्षांच्या नोकरीची सवय, तिच्यापुढे पॉजचं काय चालणार?

मला त्यांचं हसू यायचं. पण मार्चअखेरीला सात रुपयांचा फरक निघाला तेव्हा रात्री साडेनऊला, सगळ्यांनी हात टेकल्यावर, तो त्यांनीच काढला. पान अन् पान लाल पेन्सिलीने टिक करत.

निरोपसमारंभात शाल-श्रीफळ झालं. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "भाऊसाहेब, शेवटी हिटलरला मारलंत का?" भाऊसाहेब बावरले. दहाच्या दहा मजले, टक्केवारीची पाटी येते तिथे तिन्ही रकाने शंभर टक्के, असे त्यांनी चार वर्षांत कैक वेळा तपासून पूर्ण केले होते. हिटलरची नोंद कुठेच नव्हती.

नसणारच. कंपनी पहिला भाग फुकट वाटायची, पुढचे पाच विकत. हिटलर भेटतो तिसऱ्याच्या शेवटी, आणि आमच्या फ्लॉपीवर पहिलाच होता.