अण्णांची गाडी आणि माईंची फांदी

"वहिनी, जरा भिंतीपाशी या. हळू बोला, अण्णा गच्चीवर आहेत."

"काय झालं हो माई?"

"माझ्या आंब्याच्या फांदीवर डोळा आहे त्यांचा. काल सरळ म्हणाले, पूर्वेकडची तेवढी उतरवू या, गाडीवर ऊन पडत नाही. गेल्या मे महिन्यात याच सावलीत गाडी लावू द्या म्हणून कोण आलं होतं? आणि महापालिकेला न विचारता फांदी तोडता येते का?"

"गाडीला ऊन कशाला हवंय?"

"टपावर सोलर पॅनल आहे ना, 100 वॅटचं. बॅटरी उतरते ती माझ्या झाडामुळे, असं त्यांचं म्हणणं. हौसेनं ट्रॅव्हलर घेतली, आत पलंग, शेगडी, फ्रिज, सगळा संसार मांडला. तारकर्लीला एकदा जाऊन आले, तेव्हापासून काकूंचे गुडघे आणि गाडी, दोन्ही जागच्या जागी."

"दर रविवारी सुरू तर करतात. सगळा धूर माझ्या स्वयंपाकघरात!"

"दहा मिनिटं घरघर, की बंद. त्यांना वाटतं, बॅटरीचं पोट भरलं. अहो, तेवढ्यात स्टार्टरनं घेतलेलं फिटतं आणि वर थोडंफार पडतं, बस. शिशाची बॅटरी शेवटचा हिस्सा फार सावकाश घेते, त्याला तासन् तास लागतात."

"तुम्हाला बरं हे सगळं ठाऊक!"

"टेलिफोन एक्स्चेंजात जन्म गेला माझा. आमची बॅटरी रूम होती. 2 व्होल्टचे 24 सेल रांगेनं, मिळून 48 व्होल्ट. जागचे हलायचे नाहीत, लाइट गेली तरच कामाला यायचे. तरी वर्षानुवर्षं टिकले. कारण कायम फ्लोटवर. चार्जर आपला थोडं थोडं देत राहायचा. आम्ही हायड्रोमीटर बुडवायचो, आकडा वहीत लिहायचो, डिस्टिल्ड वॉटर घालायचो. नुसती उभी राहून बॅटरी मरत नाही, वहिनी. अर्धपोटी उभी राहिली की मरते. प्लेटांवर सल्फेट धरतं. ताजं असतं तोवर चार्जिंगनं निघतं, मग त्याचे खडे होतात, ते काही केल्या जात नाहीत."

"पण काकूंच्या भाच्यानं तर सांगितलंय म्हणे, बॅटरी निम्मीच भरून ठेवा, जास्त टिकते."

"ते लिथियमचं! मोबाइलच्या बॅटरीला मानवतं तसं. हिला अगदी उलट, ठेवायची तर काठोकाठ भरून. अण्णांच्या दोन्ही शिशाच्या आहेत. परवा काकूंनी आत नेऊन दाखवलं, मीटरवर 12.2 व्होल्ट. अण्णा खूश, बाराच्या वर आहे ना! भरलेली बॅटरी 12.6-12.7 दाखवते हो. 12.2 म्हणजे निम्मी संपली."

"दोन-दोन बॅटऱ्या?"

"खरी गंमत तिथेच आहे. एक इंजिनाची, एक घरची. दिवे, पंखा, फ्रिज घरचीवर. गाडी चालू असली की रिले दोघींना जोडतो, अल्टरनेटर दोघींना भरतो. बंद केली की दोघी वेगळ्या, म्हणजे रात्रभर फ्रिज चालला तरी सकाळी गाडी सुरू व्हावी. आता यांचं सोलर जोडलंय फक्त घरचीला. आणि परवा मान टाकली कुणी? इंजिनाच्या बॅटरीनं! तिच्यापर्यंत उन्हाचं काही पोचतच नाही. सगळं झाड तोडलं तरी गाडी सुरू व्हायची नाही."

"पण वापरच नाही, तर ती उतरते कशी?"

"जीपीएस बसवलाय ना, गाडी चोरीला गेली तर कळावं म्हणून. सुरू न होणारी गाडी चोर नेणार कशी, ते त्यांनाच विचारा. शिवाय सेंट्रल लॉक, घड्याळ, टेप. सगळं मिळून 50 मिलिअँपियर धरा. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाचे झाले 1.2 अँपियर-अवर, महिन्याचे 36. सत्तर-ऐंशीची बॅटरी दोन महिन्यांत रिकामी, आणि स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी रुसतो. त्यात आपला उन्हाळा. उकाड्यात बॅटरी आपली आपण जास्तच उतरते."

"मग करायचं काय?"

"ऑटोमॅटिक चार्जर लावायचा, दोघींना एकेक. भरत आली की साडेतेरा व्होल्टच्या आसपास येऊन तिथेच धरून ठेवतो. जुन्या पद्धतीचा नको, तो थांबत नाही, आतलं पाणी आटवतो. नाहीतर ट्रकवाले लावतात तसला कट-ऑफ स्विच, पण मग जीपीएस झोपणार. आणि रविवारी गाडी काढायचीच असेल तर त्र्यंबकेश्वरला जाऊन या म्हणावं. रस्त्यावर पळू दे, टायरलाही बरं, काकूंनाही बरं."

"सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं की! म्हणाले, माई, टेलिफोनचं वेगळं, गाडीचं वेगळं. शिसं तेच, तेजाब तेच, पण सांगणारी बाई ना. आता शुक्रवारी बॅटरीवाला येणार आहे. तो हेच सांगेल आणि अण्णा मान डोलावतील."

"पण चार्जरला वीज कुठून आणणार? गाडी लावतात तिथे त्यांचा प्लग कुठे आहे?"

"म्हणून तर तुम्हाला हाक मारली. तुमचा पंपाचा प्लग आहे ना, या भिंतीला..."

"माझ्या मीटरवर?"

"एकदा भरल्यावर खातो किती तो? दोन्ही मिळून वीसेक वॅट धरा, महिन्याला पंधरा युनिटंसुद्धा नाहीत. ते पैसे मी अण्णांकडून वसूल करून देते. आणि वर आंबे तुम्हाला."

"पिशवीभर नाही हं माई, पेटीभर. आणि रविवारचा धूर आधी बंद, मग प्लगचं बघू."