दाजींची डबल बेल

आमचे दाजी एसटीत कंडक्टर आहेत आणि पन्नाशीच्या तोंडावर मुक्त विद्यापीठातून बी.ए. करताहेत. ड्युटीवरून आले की हातपाय धुणं, चहा आणि मग ‘अभ्यास’. म्हणजे पुस्तकांना ब्राऊन पेपरची कव्हरं घालायची, चार रंगांत वेळापत्रक आखायचं, ते चुकलं की नवं आखायचं. ताई म्हणते, “वेळापत्रकाचा पेपर असता तर हे पहिले आले असते.”

प्रश्न कुठलाही असो, दाजींचं उत्तर शेवटी स्टँडावरच येतं. ‘स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्र’ म्हटलं की 1 जून 1948, पुणे–नगर, पहिली एसटी. कंडक्टर लक्ष्मण केवटे, हेही लिहितात. मार्कांचं विचारायचं नाही.

दुसऱ्या वर्षाला मात्र गाडी बसली. पहाटेची ड्युटी, रविवारी अभ्यासकेंद्र, त्यात लेकीची बारावी. “एक ओळ चारदा वाचतो, चारही वेळा नवीन वाटते. सिंगल मारली आपण!” एका बेलला गाडी थांबते, दोनला सुटते, दाजींचा संसारही याच बोलीत चालतो. पुस्तकं माळ्यावर गेली. शिक्षणाला वय नसतं, असं आम्ही त्यांना ऐकवलं. ऐकवणारे सगळे सहाच्या आत घरी येणारे.

मग एकदा मुक्कामी गाडीवर डास ड्रायव्हरला झोपू देईनात. “भाऊ, वाचा कायतरी.” बॅगेच्या तळाशी राजकीय विचारवंतांचं पुस्तक राहिलं होतं. दाजींनी रूसो काढला. ड्रायव्हर ताडकन उठून बसला. “स्वतःची पाच पोरं अनाथालयात टाकली, आणि वर मुलांना कसं वाढवावं यावर पुस्तक लिहिलं?”

“1762 साली. एमिल.”

दुसऱ्या दिवशी घाट उतरेपर्यंत ड्रायव्हर रूसोला झापत होता. त्याला उत्तरं द्यायची म्हणून दाजींना पुढचं वाचावं लागलं. रूसो संपला तसा त्याला मार्क्स हवा झाला. माळ्यावरची पुस्तकं खाली आली, वेळापत्रक मात्र नाही. त्या वर्षी दाजींनी दोन पेपर सरळ सोडले. “सगळे पॅसेंजर एकाच फेरीत बसत नाहीत.” बाकीचे दिले आणि सुटले.

ड्रायव्हर अजून रूसोवरच अडलाय. “त्याची बायको काहीच कशी बोलली नाही?” पुस्तकात सापडेना, म्हणून दाजींनी रविवारी केंद्रावर विचारलं. सर म्हणाले, परीक्षेला येत नाही.

ड्रायव्हरला हे उत्तर मंजूर नाही.