साखर सोडली म्हणे

"आम्ही साखर पूर्ण बंद केली," असं सांगणारं कुणी ना कुणी हल्ली घरोघरी भेटतं. मग चहात काय घालता? गूळ. किती? पूर्वी साखर दोन चमचे होती. गूळ तीन चमचे लागतो, कारण तो जरा कमी गोड लागतो.

मग बंद काय झालं?

गुळात साधारण 65 ते 85 टक्के साखरच असते. उरलेल्या भागात पाणी, थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज आणि खनिजं. त्यात लोह असतं हे खरं, पण कपभर चहातल्या खड्यातून ते मिळणार किती? लोहच हवं असेल तर बाजरी खा, पालेभाजी खा, डाळी खा. रस्त्यारस्त्यांवर 'गुळाचा चहा' अशा पाट्या लागल्या आहेत आणि मधुमेही माणसं तिथे निर्धास्त थांबतात. घरी जाऊन बोटाला सुई टोचली की आकडा साखरेच्या चहाइतकाच चढलेला.

त्यात आपल्याला गूळ हवा पिवळाधमक. रंग उजळावा म्हणून काहिलीत हायड्रॉस नावाचं रसायन पडतं आणि काळपट, प्रामाणिक गूळ बाजारात मागे पडतो. गुळात साखर मिसळल्याच्या तक्रारीही कोल्हापूरच्या बाजाराला नव्या नाहीत. साखरेच्या भीतीने गूळ घ्यायचा आणि घरी साखरच आणायची, तीही चढ्या भावाने.

मधाचं काय? जागतिक आरोग्य संघटना मधातली साखर, पाकातली साखर आणि फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच खात्यात धरते. शिवाय बाटलीत मध आहे याची तरी खात्री कुठे? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 2020 मध्ये नामांकित कंपन्यांचे मध तपासून घेतले. बहुतेकांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचं तिने जाहीर केलं. कंपन्यांनी अर्थातच ते नाकारलं.

आणि तान्ह्या बाळाच्या जिभेवर मधाचं बोट ठेवणाऱ्या आज्यांना हात जोडून सांगणं आहे: वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो. तो जिवावर बेतू शकतो.

खडीसाखर थंड, ब्राऊन शुगर पौष्टिक, सल्फरलेस साखर निर्धोक. तिन्ही साखरच. पुढे चला.

हिशेब अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की अशी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांखाली ठेवा, 5 टक्क्यांखाली गेलात तर उत्तम. म्हणजे साधारण 25 ग्रॅम, पाच-सहा चमचे. दोन चमच्यांचे तीन कप चहा झाले की दिवसाचा कोटा संपला. आपल्याकडे तर सकाळी उठल्यावर एक, नाश्त्याबरोबर एक, ऑफिसात पोचल्यावर एक. दुपारचे बारासुद्धा वाजलेले नसतात.

बरं, घरातला साखरेचा डबा निदान डोळ्यांसमोर असतो. देशात खपणाऱ्या साखरेतला निम्म्याहून मोठा वाटा मिठाई, शीतपेयं, बिस्किटं, आइस्क्रीम अशा धंद्यांकडे जातो. तीनशे मिलिलिटरच्या कोलाच्या बाटलीत तीसेक ग्रॅम साखर असते. टोमॅटो केचप तर आंबटच समजायचं ना? त्यात वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास साखर असते. पाकिटावर ती माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप अशा नावांनी बसते, तीही मुंगीएवढ्या अक्षरांत. समोर मोठ्या अक्षरांत मात्र धान्याचं कणीस.

मग गोळ्या घ्याव्यात? 2023 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडीवर विसंबू नका. स्टीव्हियाही त्यातच आली, ती पानांतून येत असली तरी. ही सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती. त्यांनी डॉक्टरांना विचारावं, शेजाऱ्यांना नव्हे.

दोनच महिन्यांनी ॲस्पार्टेम या कृत्रिम गोडीचा समावेश 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात झाला आणि फोनाफोनी सुरू झाली. त्याच दिवशी तज्ज्ञांच्या दुसऱ्या समितीने रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे 40 मिलिग्रॅम अशी होती तशीच ठेवली. ती बातमी कुणी पुढे पाठवली?

स्टीव्हियाची पुडी घ्यायची तर उलटून वाचा. कित्येक पुड्यांमध्ये स्टीव्हिया चिमूटभर, बाकी डेक्स्ट्रोज नाहीतर माल्टोडेक्स्ट्रिन भरलेलं असतं. आणि खरी गोळी घालून फिका केलेला चहा प्यायचा, तर सोबत क्रीमची चार बिस्किटं कशाला?

माझं म्हणणं साधं आहे. गोडाला पर्याय शोधू नका, गोड कमी करा. चहात दोन चमचे असतील तर दीड करा, काही आठवड्यांनी एक. जीभ सरावते. मग जुना चहा तोंडात धरवत नाही, बासुंदीसुद्धा अर्ध्या वाटीत पुरे होते. याला पुडी लागत नाही, म्हणूनच याची जाहिरात कुणी करत नाही.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला तर वरून साखर घालायचीच नाही. त्याच्या दुधात ती आपण घालतो, कारण आपल्याला वाटतं त्याला फिकं लागेल. त्याला फिकं म्हणजे काय ते माहीतच नाही!

मे 2025 मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. चांगलं केलं. पण त्याच वर्गात वाढदिवसाला चॉकलेटांची पिशवी फिरत असेल, तर मुलं कुणाचं ऐकतील?

देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असं आयसीएमआरच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसलं. म्हणजे तुमच्या पंगतीत, तुमच्या कार्यालयात, तुमच्या हळदीकुंकवात ही माणसं बसलेली असतातच. त्यांना 'एका पेढ्याने काय होतंय' म्हणणारे आपणच असतो.

तेव्हा निदान एवढं करा. ऑफिसच्या बैठकीत चहा बिनसाखरेचा ठेवा, साखर बाजूला द्या. ज्याला हवी तो घेईल. आणि पाहुणा पेढा नको म्हणाला, तर बॉक्स पुढच्याकडे न्या. त्याला दुसऱ्यांदा विचारू नका.