व्हर्निअर आप्पा

काही माणसांना प्रश्न विचारला की ती उत्तर देत नाहीत, माप घेतात. भडगावात हे खातं आप्पांकडे आहे. इतरांच्या सदऱ्याच्या खिशात पेन असतं, आप्पांच्या खिशात व्हर्निअर. वरण-बट्टीच्या पंगतीत बट्टी आतून कच्ची निघाली, तेव्हा तिची जाडी मोजून त्यांनी आचाऱ्याला मिलिमीटरमध्ये झापलं होतं, असं काकू सांगतात. काकू मीठमसाला लावतात, पण गोष्ट रचत नाहीत.

आप्पांची उमर एस. टी.च्या वर्कशॉपात गेली. निवृत्तीनंतर हात रिकामे झाले आणि सायकल त्यांच्या तावडीत सापडली. ओसरीत वडिलांची काळी सायकल दोन्ही चाकं काढून टांगलेली आहे. "काम चालू शे," असं आप्पा म्हणतात. ते पुढं का सरकत नाही, हे विचारणाऱ्याला चहा मिळत नाही.

यंदा पुण्याहून भाचा आला. त्यानं बालेवाडीच्या व्हेलोड्रोमवर ट्रॅकच्या सायकली पाहिल्या होत्या. ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही. चाक फिरतंय तोवर पायंडल फिरणारच. मळ्यातल्या सालदाराची जुनी सायकल पडून होती, तिची तशी फिक्स्ड गिअर करायचं त्याच्या मनात आलं. त्यानं भाबडेपणानं विचारलं, "आप्पा, हब कोणता घेऊ आणि क्रँक कोणता?"

"बस," आप्पा म्हणाले. तो बसला आणि तिथंच फसला.

आधी फ्रीव्हील उघडण्यात आलं. आतले दोन कुत्रे घासलेटात धुऊन वर्तमानपत्रावर मांडले. पुढं पायंडल मारलं की हे कुत्रे दातात अडकतात, पाय थांबवले की नुसते टकटकत राहतात. "मग कुत्रे पक्के केले की झाली फिक्स्ड!" भाचा म्हणाला. आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. एवढ्या घाईनं निष्कर्ष काढणाऱ्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश कुणी दिला, हा भाव.

फ्रीव्हील हबवर साध्या सुलट्या आट्यांनी बसतं. पुढचा जोर त्याला आवळतो, मागचा सोडवतो. फ्रीव्हील मागचा जोर घेतच नाही, म्हणून आजवर कुणाचं काही बिघडलं नाही. फिक्स्डला वेग कमी करायचा तर पायानं मागं रेटायचं, आणि तिथंच घात. म्हणून ट्रॅकच्या हबला दोन पायऱ्या असतात. आतली 1.37 इंचाची, इंचाला 24 आटे. तिच्यावर दातेरी चकती. बाहेरची 1.29 इंचाची, तिचे आटे उलटे, तिच्यावर लॉकरिंग. चकती सुटायला निघाली की लॉकरिंग आपोआप आवळली जाते. हे सांगताना आप्पांच्या चेहऱ्यावर उत्तररंगातल्या कीर्तनकाराचं तेज होतं.

"मग तोच हब घेतो."

"घे की. तो 120 मिलिमीटर. आपला मागचा चिमटा 110च्या आसपास. चिमटा फाकव. हबला भोकं 32, नाहीतर 36. आपल्या मागच्या रिमला 40. रिम बदल. रिम बदलली की तिला आतून घासणारा हा सळयांचा ब्रेक गेला. मग तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

सायकलीवरून विषय बहिणीवर गेला, तो जेवणाचं ताट येईपर्यंत तिथंच राहिला.

क्रँक दुपारनंतर निघाला. आप्पांनी कॉटर पिन चिमटीत धरून भाच्याच्या नाकासमोर नेली. एक बाजू गोल, एक बाजू उतरती. ही उतरती बाजू ॲक्सलच्या खाचेला टेकते आणि क्रँक जाम होतो. दोन्हीकडच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेनं ठोकायच्या. एक पिन कानसीनं जरा जास्त घासली गेली, तर दोन्ही क्रँक सरळ रेषेत येत नाहीत आणि माणूस सायकलीवरही लंगडतो. ठोकताना क्रँकखाली लोखंडी नळीचा तुकडा उभा धरायचा, म्हणजे हातोडीचा दणका जमिनीत जातो, छऱ्यांना बसत नाही. एवढं एक प्रकरण मात्र ऐकण्यासारखं होतं. भाचाही मोबाइल खाली ठेवून ऐकत होता.

"पण फिक्स्डमधे जोर दोन्हीकडून. पिन ढिली झाली की टकटक सुरू. त्यापेक्षा चौकोनी ॲक्सल बरा. पण त्यातही दोन जाती, जपानी नि आय. एस. ओ. उतार सारखा, टोकाची जाडी वेगळी. एकाचा क्रँक दुसऱ्यावर चढतो, पण जिथं थांबायला हवा तिथं थांबत नाही. मग चेन तिरपी. मागची चकती मध्यापासून 42 मिलिमीटरवर, तर पुढचं चेनव्हीलही तितक्यावरच हवं. आणि क्रँक 165चाच घे. वळणावर पाय थांबवता येत नाहीत, लांब क्रँकचं पायंडल जमिनीला घासतं."

"आप्पा, जमतं तरी काय?"

"चेन. अर्धा इंच, एक अष्टमांश. दोघींची एकच. नवी घेऊ नको, पैसे वाचले."

दिवसभराच्या सल्ल्याची ही रोख मिळकत.

दिवेलागणीला आप्पांना साक्षात्कार झाला. क्रँकचा ॲक्सल ज्यात फिरतो त्या बी. बी.च्या (बॉटम ब्रॅकेटच्या) डाव्या कपाची लॉकरिंग त्यांनी सहज हबवर फिरवली, ती बसली! दोन्हीकडे बी. एस. ए.चं तेच माप. बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांनी 1861 साली काढलेली कंपनी, तिचे आटे भडगावच्या ओसरीत एकमेकांना भेटले. आप्पा उठून उभे राहिले आणि लगेच खाली बसले. या लॉकरिंगचे आटे सुलटे. चकती सुटली की हीही तिच्याबरोबर सुटणार. "बसते, पण टिकत नाही," असं त्यांनी वहीत लिहिलं आणि खाली तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं वही बाजूला ठेवली आणि वेल्डर गाठला. दोन टाके मारून कुत्रे कायमचे गप्प केले, फ्रीव्हील हातानंच फिरवून बसवलं. नशिबानं ब्रेक जागेवर होता. पुढं 44 दात, मागं 18. पायाच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर जाते. गिरणेच्या पुलाकडच्या उतारावर ताशी 40चा वेग आला असेल, तर पाय मिनिटाला 120 फेरे फिरत असणार. हे गणित आप्पांनी नंतर मांडलं. भाच्याला तेव्हा एवढंच कळलं की मागं रेटताच पाय एकदम सैल पडून उलटे गेले. त्यानं ब्रेक आवळला आणि तो कडेच्या काटेरी बाभळीत जाऊन थांबला.

सायकल ढकलत तो घरी आला तेव्हा कोपर सोलवटलं होतं. काकू हळद घेऊन धावल्या. आप्पा व्हर्निअर घेऊन धावले. चाकाशी उकिडवे बसून त्यांनी हब आणि फ्रीव्हीलमधली फट मोजली, पुसून पुन्हा मोजली.

"1.6 मिलिमीटर. म्हणजे दीड आटा सुटना," ते म्हणाले, आणि भाच्याकडे वळून जरा नाराजीनं, "मना अंदाज दोनना व्हता."